ताप कितव्या दिवसाचा?

समजा, जुलै महिना आहे. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. शनिवारी कॉलेजला सुट्टी टाकून (बरं, दांडी मारून!) तुम्ही शिरोड्याहून आरवलीला मामाकडे लावणीला जाता. तरवा काढता, गुडघाभर चिखलात उभं राहून लावता, मध्येच व्हाळात पाय धुता. अंगठ्याजवळ काहीतरी खरचटतं, पण लक्ष कोण देतंय? संध्याकाळी चिखलातली रील टाकता. रील मस्त चालते. विषय संपतो.

दहा दिवसांनी वेंगुर्ल्याहून परत येताना एसटीतच थंडी वाजायला लागते. घरी येईपर्यंत अंग तापलेलं. डोकं ठणकतंय, पोटऱ्या अशा दुखतायत की जिना उतरणं नको. आजीचं निदान तयार असतं. ‘‘पावसात भिजलंस मगे! ताप येतलोच.’’

दुसऱ्या दिवशी बाबा लॅबमध्ये घेऊन जातात. रक्त दिलं, तासाभरात कागद हातात. मलेरिया निगेटिव्ह. डेंग्यू एनएस-वन निगेटिव्ह. लेप्टो आयजीएम निगेटिव्ह. विडाल निगेटिव्ह. कागदाचा फोटो फॅमिली ग्रुपवर पडतो. मुंबईचे काका अंगठा टाकतात. ‘सगळं निगेटिव्ह. टेन्शन नाही.’

इथेच थांबा. आजचा लेख या एका वाक्याबद्दल आहे. कारण त्या कागदावर ‘निगेटिव्ह’ हा शब्द चार वेळा असला तरी त्याचा अर्थ चारही ठिकाणी सारखा नाही. आणि लेप्टोच्या रेषेपुढचा ‘निगेटिव्ह’ तर तापाच्या दुसऱ्या दिवशी जवळजवळ काहीच सांगत नाही.

मासळी की पाखरं?

तुम्ही किनाऱ्यावरचे असाल तर हे चटकन कळेल. समुद्रात मासळीचा थवा आला आहे हे ओळखायच्या दोन तऱ्हा असतात. एक म्हणजे जाळं टाकून मासळीच पकडायची. दुसरी म्हणजे लांबवर पाण्यावर घिरट्या घालणारी, सूर मारणारी पाखरं बघायची. पाखरं आहेत म्हणजे खाली मासळी असणार.

रॅपिड टेस्टही याच दोन जातींच्या असतात. काही टेस्ट थेट जंतू किंवा त्याचा तुकडा शोधतात. म्हणजे मासळी. मलेरियाचं कार्ड परजीवीचं प्रथिन शोधतं. डेंग्यूची एनएस-वन टेस्ट विषाणूचं प्रथिन शोधते. कोविडच्या काळात नाकात काडी घालून जी अँटिजेन टेस्ट आपण सगळ्यांनी केली, तीही याच जातीची.

काही टेस्ट मात्र जंतूला शोधतच नाहीत. जंतू आल्यावर आपल्या शरीराने ज्या अँटिबॉडी तयार केल्या, त्या शोधतात. म्हणजे पाखरं. लेप्टोचं नेहमीचं आयजीएम कार्ड या जातीचं. टायफॉईडसाठी केली जाणारी विडालही याच जातीची.

आता पाखरांची गंमत बघा. ती मासळीच्या आधी येत नाहीत, मागाहून येतात. आणि मासळी निघून गेली तरी थोडा वेळ घिरट्या घालत राहतात. अँटिबॉडीचं अगदी तसंच. लेप्टोत आयजीएम अँटिबॉडी टेस्टमध्ये दिसण्याइतक्या वाढायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. त्याआधी जंतू रक्तात मजेत फिरत असले तरी कार्ड कोरंच राहू शकतं. उलट, आजारातून बरे झाल्यावरही या अँटिबॉडी काही महिने रक्तात सापडू शकतात. म्हणजे सप्टेंबरमध्ये दुसऱ्याच कुठल्या तापाने आजारी पडलात तर जुलैतल्या लेप्टोमुळे कार्ड पॉझिटिव्ह येऊ शकतं.

थोडक्यात, कार्ड खोटं बोलत नाही. आपण त्याला चुकीच्या दिवशी प्रश्न विचारतो. म्हणूनच ‘रिपोर्ट काय आला?’ याच्या आधी विचारायचा प्रश्न म्हणजे ‘ताप कितव्या दिवसाचा?’

प्रश्नचिन्हासारखा जंतू

लेप्टोस्पायरा हा बॅक्टेरिया आहे, विषाणू नव्हे. दिसायला बारीक मळसूत्रासारखा आणि टोकाला हुकासारखा वाकलेला. इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसतही नाही. उंदीर, गुरं, कुत्री, डुकरं यांच्या मूत्रपिंडात तो राहतो आणि त्यांच्या लघवीतून ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात उतरतो. तिथून खरचटलेल्या कातडीतून, चिखलात तासन् तास भिजून मऊ पडलेल्या पायांतून, किंवा डोळ्या-नाका-तोंडाच्या नाजूक त्वचेतून तो आपल्यात शिरतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो फार काळ टिकत नाही. त्यामुळे वेळागरच्या किनाऱ्यावर पाय भिजवण्यापेक्षा शेताचा कुणगा, गोठ्यामागचं डबकं आणि पावसाळ्यातलं फुटबॉलचं चिखलमैदान जास्त जोखमीचं. लावणी आणि मग भातकापणी, या दोन्ही हंगामांत आपल्याकडे लेप्टोची चर्चा का सुरू होते ते यावरून कळेल.

या आजाराचा इतिहास म्हणजे निदान चुकण्याचाच इतिहास आहे. १८८६ मध्ये जर्मनीतल्या अडॉल्फ वाइल यांनी ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा त्रास एकत्र असलेल्या आजाराचं वर्णन केलं. कारण मात्र सापडलं नव्हतं. १९०७ मध्ये अमेरिकेत आर्थर स्टिमसन यांना एका मृत रुग्णाच्या मूत्रपिंडात हे वळणदार जंतू दिसले. तो रुग्ण पीतज्वराने गेला असं समजलं जात होतं! जंतूचा आकार प्रश्नचिन्हासारखा, म्हणून त्यांनी नाव देताना ‘इंटरोगन्स’ हा शब्द वापरला. आजही या जंतूच्या मुख्य प्रजातीचं नाव लेप्टोस्पायरा इंटरोगन्स असंच आहे. पुढे १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी हाच जंतू आजाराचं कारण आहे हे दाखवलं.

आपल्या देशातलं उदाहरणही आहे. उत्तर अंदमानात १९८८ पासून पावसानंतर रक्तस्राव करणारा एक ताप यायचा. नाव काय, तर ‘अंदमान हेमोरेजिक फीवर’. म्हणजे फक्त वर्णन, निदान नाही. १९९३ मध्ये दिगलीपूर भागात साथ आली, नमुने तपासले गेले आणि तो लेप्टो असल्याचं पुढे आलं. जो आजार स्वस्तातल्या अँटिबायोटिक्सनी आटोक्यात येऊ शकतो, त्याला नाव मिळायला इतकी वर्षं गेली. पोर्ट ब्लेअरची आयसीएमआरची संस्था आज लेप्टोच्या तपासणीत देशातली महत्त्वाची संस्था मानली जाते.

मुंबईने हा आजार २६ जुलै २००५ च्या पुरानंतर अनुभवला. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोक कंबरभर पाण्यातून चालत घरी गेले, आणि पुढच्या आठवड्यांत तापाच्या रुग्णांनी वॉर्ड भरले. सिंधुदुर्गात तर लेप्टो हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २०११ च्या सुमारास जिल्ह्यात आलेल्या साथीबद्दल घरातल्या मोठ्यांना विचारून बघा.

त्या पट्टीवर नेमकं घडतं काय?

रॅपिड कार्ड उघडलं तर आत एक कागदासारखी पट्टी असते. तिच्या एका टोकाला रक्ताचा किंवा सीरमचा थेंब आणि वरून द्रावणाचे थेंब टाकतात. ओला टिशू जसा पाणी वर ओढतो तसा हा थेंब पट्टीवरून पुढे सरकतो. वाटेत त्याला सोन्याचे अतिसूक्ष्म कण भेटतात. हो, खरं सोनं! फक्त इतक्या लहान आकारात ते पिवळं नाही, लालसर-जांभळं दिसतं. पट्टीवर पुढे एका रेघेत लेप्टोच्या जंतूचे अंश आधीच चिकटवलेले असतात. तुमच्या रक्तात त्याविरुद्धच्या अँटिबॉडी असतील तर त्या तिथे अडकतात, त्यांच्याबरोबर सोन्याचे कण अडकतात आणि रेघ रंगते. शेजारची ‘सी’ नावाची रेघ फक्त पट्टी नीट चालली का ते सांगते. ती उमटली नाही तर टेस्ट बाद, मग दुसरी रेघ असो वा नसो.

पंधरा-वीस मिनिटांत उत्तर, वीज नको, मोठं यंत्र नको. खेड्यातल्या दवाखान्यासाठी ही फार मोठी सोय आहे. म्हणून रॅपिड टेस्टला नावं ठेवायचं कारण नाही. तिची मर्यादा माहीत असली की झालं. किटवर लिहिलेल्या वेळेतच ती वाचायची असते. तासाभराने कार्ड पुन्हा बघितलं आणि पुसट रेघ दिसली, तर तिला अर्थ नाही. कार्डचा फोटो ग्रुपवर टाकून ‘रेघ दिसते का रे?’ अशी व्होटिंग घेऊ नका, प्लीज.

मग पक्की टेस्ट कोणती?

जंतू वाढवून बघणं, म्हणजे कल्चर, हा सर्वांत सरळ मार्ग वाटतो. टायफॉईडसारख्या आजारात तो खरंच सर्वांत भरवशाचा आहे. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्त घेतलं तर काही दिवसांत जंतू वाढतो आणि त्याच्यावर कोणतं औषध चालेल तेही कळतं. विडाल ही १८९६ मध्ये फ्रान्सच्या फर्नां विडाल यांनी आणलेली टेस्ट. त्या काळी ती मोठी झेप होती. पण ती पाखरांच्या जातीची आहे आणि आधी कधी झालेला संसर्ग, लस, अगदी दुसरा एखादा जंतूसुद्धा ती पॉझिटिव्ह करू शकतो. हॉस्टेलवर ‘माझी विडाल पॉझिटिव्ह निघाली’ म्हणून एका कागदावर टायफॉईड ठरतो, त्यातले सगळे टायफॉईड खरे नसतात.

लेप्टोच्या बाबतीत कल्चरचा रस्ता पेशंटच्या उपयोगाचा नाही. हा जंतू इतका संथ वाढतो की ‘नाही’ म्हणायला लॅबला तीन महिन्यांपर्यंत वाट बघावी लागते. तोवर पेशंट बरा होऊन सेमिस्टर देऊन आलेला असेल, नाहीतर… नाहीतर काय ते तुम्हाला कळतंय.

मोठ्या संदर्भ लॅबमध्ये ‘मॅट’ नावाची टेस्ट करतात. तिथे लेप्टोचे वेगवेगळ्या प्रकारचे जिवंत जंतू सांभाळून ठेवलेले असतात. त्यात तुमचं सीरम मिसळायचं आणि काळ्या पार्श्वभूमीच्या खास सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंच्या गुठळ्या होतात का बघायचं. ही टेस्ट अनेक दशकं मानदंड समजली जाते. पण तिच्यासाठी बऱ्याचदा दोन नमुने लागतात, एक आजाराच्या सुरुवातीचा आणि दुसरा साधारण दोन आठवड्यांनंतरचा. दुसऱ्यात अँटिबॉडीची पातळी चौपट किंवा जास्त वाढलेली दिसली की शिक्कामोर्तब. साथीचा अभ्यास करायला ही उत्तम. आज रात्री औषध द्यायचं की नाही हे ठरवायला मात्र तिचा उपयोग नाही.

पहिल्या आठवड्यात खरी मदत होते ती पीसीआरची. ती जंतूचा डीएनए शोधते, म्हणजे थेट मासळी. रक्तात जंतू असतो तेव्हाच ती चालते, म्हणजे आयजीएम कार्ड जिथे कमी पडतं नेमक्या त्याच दिवसांत. अडचण एवढीच की पीसीआरला यंत्र लागतं, प्रशिक्षित माणूस लागतो आणि नमुना बरेचदा मोठ्या लॅबकडे पाठवावा लागतो. पण हेही बदलतंय, आणि बदल आपल्या शेजारीच घडतोय. तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात मोलबायो या कंपनीने ‘ट्रूनॅट’ नावाचं छोटं, बॅटरीवर चालणारं पीसीआर यंत्र तयार केलं. टीबीच्या निदानासाठी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या वापराची शिफारस केली. टेबलावर मावणारं यंत्र, चिपवर होणारी टेस्ट आणि तास-दीड तासात उत्तर. वेगवान निदानाची पुढची वाट या दिशेने जाते. बायोटेक, मायक्रोबायोलॉजी, इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांनो, ऐकताय ना?

‘प्लेटलेट किती?’ हा एकच प्रश्न पुरेसा नाही

आपल्याकडे कुणाला ताप आला की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, ‘‘प्लेटलेट किती हत?’’ डेंग्यूने आपल्याला हे शिकवलं. पण प्लेटलेट लेप्टोतही कमी होतात. त्यामुळे तो आकडा एकटा काही ठरवत नाही.

त्याच सीबीसीच्या कागदावर पांढऱ्या पेशींचा आकडा असतो, तोही बघायला हवा. डेंग्यूत तो बहुधा खाली जातो, लेप्टोसारख्या बॅक्टेरियाच्या संसर्गात बऱ्याचदा वर जातो. सीआरपी नावाची टेस्ट शरीरातली सूज किती आहे ते सांगते. बॅक्टेरियाच्या गंभीर संसर्गात ती बहुधा खूप वाढते, विषाणूत तुलनेने कमी. पण हा धूर आहे, आग कुठे लागली ते तो सांगत नाही. आणि लेप्टोत डॉक्टर ज्यावर बारीक लक्ष ठेवतात ती गोष्ट आणखी वेगळी, ती म्हणजे मूत्रपिंड. त्यासाठी क्रिएटिनिन, कावीळ बघायला बिलिरुबिन, आणि एक टेस्ट तर अगदी फुकट. लघवी किती होतेय, कमी झालीय का, रंग गडद झालाय का, हे तुमच्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. लाज वाटते म्हणून हे लपवू नका.

एकाच ऋतूत एकसारखे दिसणारे बरेच ताप आपल्याकडे फिरत असतात. डेंग्यू, मलेरिया, टायफॉईड, लेप्टो, आणि गवत-झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस. स्क्रब टायफसमध्ये कधी कधी काखेत, जांघेत सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग दिसतो. कुठलंही कार्ड उघडण्याआधी नीट तपासणाऱ्या डॉक्टरला तो सापडू शकतो. हिवाळा-उन्हाळ्यात दोडामार्ग, सावंतवाडीच्या पट्ट्यात माकडतापाचीही शंका घ्यावी लागते. तो विषाणूचा आहे, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. म्हणजे ऋतू, गाव आणि तुम्ही काय करत होतात, ही माहिती कुठल्याही किटइतकीच महत्त्वाची.

डॉक्टर रिपोर्टची वाट का बघत नाहीत?

आता आपल्या गोष्टीकडे परत येऊ. पाचव्या दिवशी तुमचा ताप उतरतो. अंग हलकं वाटतं. ‘निगेटिव्हच होतं, बरं झालं’ म्हणून तुम्ही कॉलेजला जायची तयारी करता. लेप्टोची खोडी नेमकी इथेच आहे. त्याचा ताप काही जणांत दोन टप्प्यांत येतो. मध्ये एक-दोन दिवस बरं वाटतं आणि मग तो परततो. बहुतेकांमध्ये आजार सौम्यच राहतो. पण थोड्या रुग्णांमध्ये याच दुसऱ्या टप्प्यात डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते, फुप्फुसांत रक्तस्राव होऊ शकतो. मग ओरोस किंवा बांबोळीची धावाधाव, डायलिसिस, आयसीयू. दुसऱ्या दिवशी मिळालेल्या ‘निगेटिव्ह’ कागदाने जी निवांतपणाची भावना दिली, तिची किंमत अशी मोजावी लागू शकते.

म्हणूनच लेप्टोचा दाट संशय असेल तर डॉक्टर कार्ड निगेटिव्ह असलं तरी उपचार सुरू करतात. त्यासाठीची औषधं नवी किंवा महागडी नाहीत. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन, गंभीर आजारात पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायॅक्सोन. लवकर दिली तर त्यांचा फायदा जास्त. तेव्हा ‘रिपोर्ट निगेटिव्ह असून डॉक्टरांनी गोळ्या का दिल्या?’ असा राग धरू नका. त्यांनी कागद नाही, पेशंट वाचला.

पण याचा उलटा अर्थही काढू नका. ‘मग मीच मेडिकलमधून डॉक्सी आणतो’ हे चालणार नाही. ताप डेंग्यूचा असेल तर तिचा उपयोग शून्य. टायफॉईडचा असेल तर अर्धवट अँटिबायोटिकने कल्चर कोरं येईल आणि जंतू मरणारही नाही. प्रत्येकाला हे औषध चालतं असंही नाही. गरोदर बाई, लहान मूल, यकृताचा त्रास असलेला माणूस यांचा हिशोब वेगळा. तीच गोष्ट ताप उतरवणाऱ्या पेनकिलर गोळ्या-इंजेक्शनांची. लेप्टोत मूत्रपिंडाला आणि डेंग्यूत रक्तस्रावाला त्या धोक्याच्या ठरू शकतात. डॉक्टर भेटेपर्यंत पॅरासिटामोल प्रमाणात, पाणी-पेज भरपूर, एवढं पुरे.

शेतात रोज उतरणाऱ्यांना पावसाळ्यात आरोग्य विभागाकडून आठवड्याला एक अशी डॉक्सिसायक्लिन दिली जाते, ती प्रतिबंधासाठी. तीही आशाताई किंवा डॉक्टरांना विचारूनच.

तुमच्या हातात काय आहे?

तुमच्या हातात लॅब नाही, पण तीन गोष्टी आहेत आणि त्या कुठल्याही टेस्टला जास्त शहाणी करतात.

पहिली, तारीख. ताप सुरू झाला तो दिवस आणि वेळ फोनमध्ये लिहून ठेवा. ‘दोन-तीन दिवस झाले असतील’ आणि ‘मंगळवार संध्याकाळपासून’ यात मोठा फरक आहे. त्या तारखेवरून डॉक्टर ठरवतात की आज एनएस-वन करायची, पीसीआरसाठी रक्त पाठवायचं, की आयजीएम सातव्या दिवशी पुन्हा करायची. लॅबच्या कागदावरही ‘तापाचा दिवस’ लिहून घ्या.

दुसरी, चिखल. मागच्या महिन्याभरात कुठल्या पाण्यात उतरलात, गोठा साफ केलात का, पायाला जखम होती का, हे डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. स्वतःहून सांगा. लेप्टो संसर्गानंतर साधारण पाच ते चौदा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा डोकं वर काढतो. तोवर आपण ती लावणी विसरलेलो असतो. रीलची तारीख मात्र फोनमध्ये असते. चला, निदान इथे तरी तिचा उपयोग!

तिसरी, दुसरी फेरी. पहिली टेस्ट निगेटिव्ह आली आणि ताप टिकला, किंवा जाऊन परत आला, तर पुन्हा दाखवा. शिरोड्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, जवळ प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. डोळे लाल किंवा पिवळे होणं, पोटऱ्या असह्य दुखणं, लघवी कमी होणं, धाप लागणं, खोकल्यातून रक्त पडणं, गुंगी येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री जायचं.

आणि पुढच्या वेळी शेतात जाताना गमबूट असतील तर घाला, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा, घरी आल्यावर पाय साबणाने धुवा. लावणीला जाऊ नका असं कुणीच म्हणत नाही. भात कुणीतरी लावायलाच हवं, आणि तुमच्या वयाची पोरं शेतात उतरतात याचा मामाला किती आनंद होतो ते तुम्हाला माहीत आहेच.

आता त्या दुसऱ्या दिवसाकडे परत जा. तोच कागद, तेच चार निगेटिव्ह. फक्त या वेळी ग्रुपवर काकांचा अंगठा आल्यावर तुम्ही लिहिता, ‘काका, आज तापाचा दुसराच दिवस आहे. मी लावणीला गेल्याचं डॉक्टरांना सांगितलंय. त्यांनी गोळ्या सुरू केल्यात. सातव्या दिवशी पुन्हा बोलावलंय.’

आजी वाचून दाखवायला सांगेल. ऐकून म्हणेल, ‘‘मिया तेच सांगी होतंय, डॉक्टराक दाखव म्हणान.’’ तिने तसं सांगितलं नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. पण चालतंय की!